जाऊबाईंचा पंप

१५ जून, शनिवार. हजर: मी, माझे यजमान, भासरे, जाऊबाई आणि बागेचा आराखडा करणारी अमरावतीची मुलगी. गैरहजर: आमची लेक (पुण्याला, रजा मिळाली नाही). स्थळ: नव्या घराचा व्हरांडा, फरशी बसायची बाकी.

माझ्या वहीत हे असंच लिहिलेलं आहे. मी अकोल्याला एका शाळेच्या कार्यालयात काम करते. सभेची हजेरी आणि ठराव लिहून लिहून हाताला तीच सवय लागली आहे, त्यामुळे घरातली बैठकही मी तशीच नोंदवते. घरचे हसतात. त्या दिवशी भासरे म्हणाले, "लिही बरं, भासरे हजर होते, पन त्यायले कोनी काही इचारलं नाई."

गाव धामणगाव रेल्वेपासून अर्ध्या तासावर आहे. समोरच्या जुन्या घरात भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, आणि जाऊबाई राहतात. मागे गोठा होता. ढोरं गेली, गोठा रिकामा झाला आणि ती जागा आमच्या वाट्याला आली. यजमानांच्या निवृत्तीनंतर गावीच राहायचं ठरवून तिथं आम्ही घर बांधलं. सपाट छत, राखाडी रंग, बैठकीला एका भिंतीभर काच. अमरावतीच्या कुठल्याही नव्या वसाहतीत ते शोभलं असतं. इथं त्या काचेतून समोर दिसायची ती दोन घरांच्या मधली जाऊबाईंची वाडी. पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचं कुंपण, बांबूच्या मांडवावर वाल, एका कडेला आंबाडी, फुटक्या टिनाच्या डब्यांत पुदिना, आणि जमिनीवर चिवळ. चिवळीची भाजी उन्हाळ्यात आम्ही सगळेच आवडीनं खातो, पण काचेतून ती निव्वळ तणासारखी दिसायची.

आराखडा करणाऱ्या मुलीनं मोबाइलवर चित्रं दाखवली. मोकळं हिरवं लॉन, सरळ दगडी पायवाट, बुटकी भिंत, कडेनं एकाच जातीची झुडपं. "काकू, घर साधं आणि सरळ आहे, तर बागही तशीच हवी. गर्दी नको," असं ती म्हणाली. मला ते एकदम पटलं. गर्दी मलाही चालत नाही.

पाच ठराव लिहिले. वाडी मोकळी करणे. लॉन लावणे. कुंपण काढून भिंत बांधणे. पायवाटेखाली मुरूम जाड टाकणे, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि फरशा उचलते. कडुनिंब आणि लिंबू ठेवून बाकी झाडं काढणे.

जाऊबाई तोवर गप्प होत्या. वीस-बावीस वर्षं त्या वाडीत त्यांचा हात होता, तेव्हा त्या काही बोलतील म्हणून मी उत्तरंही तयार ठेवली होती. ती लागलीच नाहीत.

"घर तुमचं चकाकून राहिलं," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढं माह्या पऱ्हाट्या कशा दिसतीन? घ्या जागा. मले तुमच्या घरामांगं पट्टा देजा, न्हानीचं पानी जाते तिथं. तेवढ्यात भागते माहं."

"बाई, नक्की ना?" मी विचारलं.

"हाओ. पन एक लिही तुह्या वहीत. वास्तूले जे पंगत बसन, तिले वांगे माह्या पट्ट्यातले."

सहावा ठराव म्हणून तेही लिहिलं. वास्तू कार्तिकात करायची होती.

जुलैत काम झालं. वालाचा मांडव फुलावर होता, तो उतरवताना जाऊबाई तिथं थांबल्या नाहीत. अमरावतीच्या रोपवाटिकेतून गवताच्या गाद्या गुंडाळून ट्रकनं आल्या. चार माणसांनी दोन दिवसांत त्या अंथरल्या आणि काचेतून पाहिलं तर खरंच चित्रातल्यासारखं दिसत होतं. मी फोटो काढून शाळेतल्या सगळ्यांना पाठवले. जाऊबाईंनी मागच्या पट्ट्यात वांगी, टमाटर आणि मिरचीची रोपं लावली होती, कडेनं सांभार, म्हणजे कोथिंबीर. त्याचा फोटो काढावा असं मला सुचलं नाही.

ऑगस्ट संपता संपता लॉनमधून तण वर आलं. गाजरगवत, तरोटा, केना. खाली ती वाडीचीच माती होती, तिला जे माहीत होतं ते ती वर आणत होती. मी शनिवार-रविवार अकोल्याहून यायचे आणि खुरपं घेऊन बसायचे. पुढच्या शनिवारी तेवढंच तण पुन्हा उभं. मी त्या मुलीला फोन केला.

"टू-फोर-डी मारा काकू," ती म्हणाली. "गवताला काही होत नाही, रुंद पानाचं तेवढं मरतं. पण पंप वेगळा वापरा हं. त्या पंपानं नंतर दुसऱ्या कशावर फवारू नका."

हेही मी लिहून घेतलं. वहीत आहे. पंप वेगळा.

आता पंपांबद्दल सांगायला हवं. कापसाच्या गावात बहुतेक घरी पाठीवरचे दोन पंप असतात. तणनाशकाच्या पंपाला लोक काहीतरी खूण करतात, आमच्याकडे लाल चिंधी बांधतात. तणनाशकाचा थोडासा अंश पंपात राहिला आणि त्याच पंपानं कीडनाशक पऱ्हाटीवर मारलं, तर झाडाची पानं आखडून बोटांसारखी होतात आणि ते झाड गेल्यातच जमा. साध्या पाण्यानं पंप विसळून हा अंश जात नाही. हे इथं लहान लेकरांनाही ठाऊक असतं. माझं माहेर हिवरखेडकडचं. माझ्या भावानं एकदा लाल चिंधीचा पंप चुकीच्या खिळ्याला टांगला, तर वडील त्याला अंगणात उभं करून बोलले होते. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

भासऱ्यांनी वावर दोन वर्षांपासून ठोक्यानं, म्हणजे खंडानं दिलं आहे. चिंधीचा पंप तेव्हापासून टिनाच्या शेडमध्ये पडून होता. मी तो भरून पाहिला. त्याचा वायसर, झाकणातली रबरी चकती, गेला होता, झाकणातून पाणी गळून माझी पाठ ओली झाली. शेजारच्या खिळ्याला दुसरा पंप होता, जाऊबाईंचा. त्या त्यानं फक्त निंबोळी अर्क फवारायच्या.

या अर्काचं गावात नाव होतं. जाऊबाई उन्हाळ्याच्या शेवटी निंबोळ्या वेचायच्या, वाळवायच्या, कुटून रात्रभर भिजवायच्या आणि सकाळी फडक्यातून गाळून फवारायच्या. त्यांच्या बचत गटातल्या दहा-बारा बायका हे त्यांच्याकडूनच शिकल्या. किती कुटायचं, किती पाणी घालायचं, ढगाळ असेल तर काय करायचं, हे विचारायला बाया दारात यायच्या. एरवी घरात जाऊबाईंना कोणी काही विचारायचं नाही. भासरे तर मुळीच नाही.

तो रविवार होता. जाऊबाई गटातल्या बायकांबरोबर कौंडण्यपूरला दर्शनाला गेल्या होत्या. वायसर आणायला धामणगावला जावं लागलं असतं, म्हणजे दुपार गेली असती, आणि माझ्या यादीत अजून सहा कामं होती. मी त्यांचा पंप उतरवला.

लॉनवर फवारलं. मग पंप तीनदा साध्या पाण्यानं धुतला, उलटा करून वाळवला आणि परत टांगला. टांगताना त्याचा पट्टा आधी होता तसाच डाव्या बाजूला टाकला. ज्यात काही गैर वाटत नाही त्या कामात माणूस इतकी काळजी घेत नाही, पण मी तेव्हा तिथं थांबून विचार केला नाही. यादीत "पंप धुणे" लिहून पुढं बरोबरची खूण केली आणि संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला आले.

पुढचे दोन आठवडे शाळेच्या कामात जाणं झालं नाही. तिसऱ्या शनिवारी गेले तेव्हा लॉन स्वच्छ झालं होतं. मी व्हरांड्यात चहा घेत होते. भासरेही येऊन बसले होते. जाऊबाई मागच्या बाजूनं हातात एक डहाळी घेऊन आल्या.

"पाह्य वो," त्या म्हणाल्या. "हे टमाटर आहे का शेपू?"

डहाळीची पानं बारीक, लांबट होऊन पिळली होती. शेंडा खाली वाकला होता. मी ती हातात घेतली आणि बघताक्षणी मला कळलं. मी हातातला कप खाली ठेवला.

"वांगे बी तसेच," त्या म्हणाल्या. "सगये. मिरची बी. दहा-बारा दिवसांपयले अर्क मारला, तवापासून आहे हे."

भासऱ्यांनी डहाळी घेतली, चष्मा वर करून पाहिली. "तुह्या अर्कानं टमाटराचा शेपू केला. आता वांग्याची मेथी कर. सरकार बक्षीस देईन तुले."

"तुमाले मजाक सुचून राहिली."

"मजाक नाई. हे तननाशकाचं दिसते. पंप बदलला नाई ना?"

"माहा पंप मीच वापरतो," जाऊबाई म्हणाल्या. "त्याले कोन हात लावन?"

त्या दोघांपैकी कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायचं कारणच नव्हतं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. वाक्य चार शब्दांचं होतं: बाई, पंप मी घेतला. मी म्हणाले, "रोग पडला असेल एखादा."

"रोग असता त एकादं झाळ वाचलं असतं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी डहाळी भासऱ्यांच्या हातातून परत घेतली. "निंबोळ्या मागच्या सालच्या होत्या वो. तयाले पडलेल्या होत्या, त्यायले बुरशी होती थोडी. मी म्हटलं चालते. माहंच चुकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेला अर्क ड्रमसकट ओढत नेऊन उकिरड्यावर ओतला. मी काचेतून पाहिलं. मग त्या गटातल्या बायकांकडे घरोघर गेल्या आणि ज्यांनी अर्क नेला होता त्यांना तो फवारू नका म्हणून सांगून आल्या. त्यांचा अर्क चांगला होता. त्यांच्या ड्रमला कुणी हातही लावला नव्हता.

त्या आठवड्यात मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता सांगून वांगे येतीन का? वास्तू होऊ दे. मग पाहू." मला हे ऐकायचंच होतं. मी वहीत "वास्तूनंतर" असं लिहिलं आणि मला हलकं वाटलं. याचीही आता लाज वाटते.

वास्तू झाली. दीडशे माणूस जेवलं. पाहुणे लॉनवर उभे राहून फोटो काढत होते. अकोल्याच्या माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, बाग घराला किती शोभते. वांगी धामणगावच्या बाजारातून आली होती. सकाळी पोत्यातून ती परातीत ओतली तेव्हा जाऊबाई चिरायला बसलेल्या होत्या. त्यांनी एक वांगं उचललं, दाबून पाहिलं आणि चिरलं. पंगतीत वाढताना भासरे एका पाहुण्याला सांगत होते, "वांगे घरचेच राहनार होते. पन आमच्या घरच्या शास्त्रज्ञ बाईनं त्यायचा शेपू केला." पाहुणे हसले. जाऊबाई पोळ्यांची चाळण घेऊन पुढं गेल्या. भासऱ्यांनी ते तीन पंगतींत तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा मी ऐकण्याइतकी जवळ होते.

वास्तूनंतर सांगायचं ठरलं होतं. पाहुणे गेल्यावर भांडी होती, मग मांडववाल्याचं सामान होतं, मग शाळेची तपासणी होती. कामं नेहमीच असतात, मला ती यादीत वर-खाली करता येतात. हे काम मी दर यादीत सगळ्यात शेवटी लिहीत गेले.

डिसेंबरात जाऊबाई एक कोरा कार्डशीट आणि स्केचपेन घेऊन आल्या. "तुहं अक्षर चांगलं आहे. गटाच्या खोलीत लावाले अर्काचं प्रमान लिहून दे. जुना कागद मी काढून टाकला."

"काय लिहू?"

"शंभर लिटर पान्याले अडीच किलो निंबोळी."

"पाच किलो होतं ना, बाई?"

"होतं. आता भेव वाटते. माह्या वांग्यायचं झालं ते झालं, दुसऱ्याच्या वावराचं नको व्हाले. अर्धंच लिही. मोठ्या अक्षरात."

मी लिहिलं. पट्टी घेऊन आधी रेघा मारल्या, शीर्षक लाल रंगात काढलं, अडीच किलोखाली दुहेरी रेघ ओढली. चूक आहे हे माहीत असताना मी इतकं नेटकं लिहिलेला तो आयुष्यातला एकच कागद असेल. जाऊबाईंनी तो लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "छापल्यावानी झालं." आजही तो गटाच्या खोलीत भिंतीला आहे.

अर्ध्या प्रमाणानं काय व्हायचं तेच झालं. जानेवारीत गटातल्या एका बाईनं हरभऱ्यावरच्या अळ्यांवर तो अर्क मारला. मी त्या रविवारी तिथंच होते. ती दारातूनच म्हणाली, "मावशी, अर्क होता का नुसतं पानी? अया पोहून राहिल्या त्याच्यात."

"मंग वाडव थोडं," जाऊबाई म्हणाल्या.

"वाडवलं आन् तुमच्या वांग्यावानी झालं त? नाई बापा. मी दुकानातून बाटली आनतो."

जाऊबाई हसल्या. ती गेल्यावरही थोडा वेळ त्या हसऱ्याच चेहऱ्यानं उभ्या होत्या, मग आत गेल्या. त्यानंतर विचारायला कोणी आल्याचं मला दिसलं नाही. गटाच्या बैठकीलाही त्या कमी जातात असं भासरे म्हणाले. "मले म्हनते गुडघे दुखतात. गुडघे त दहा वर्सांपासून दुखून राहिले."

लॉन आता छान धरलं आहे. जाऊबाई रागावतील याची मला भीती नाही. मी पाहिलं आहे, त्या कुणावर फार वेळ रागावत नाहीत. मला भीती वाटते ती त्यांच्या मोजण्याची. मी सांगितलं की त्या मागं जाऊन एकेक दिवस आठवतील: डहाळी आणली तो दिवस, उकिरडा, पंगत, कार्डशीट. आणि दर ठिकाणी मी उभी आहे हे त्यांच्या लक्षात येईल. पंप घेणं ही एका दुपारची चूक होती. बाकीचं मी महिनोन् महिने, शुद्धीत राहून केलं.

गेल्या शनिवारी गावी गेले तेव्हा कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडला होता. जाऊबाई लॉनवर बसून वेचत होत्या.

"तुह्या गवताचा हा फायदा झाला," त्या म्हणाल्या. "माती लागत नाई. यंदा ताज्याच वाळवतो. पन अर्धंच प्रमान ठेवतो, तू लिहून देल्लं तेच."

मी त्यांच्या शेजारी बसले. दोघींनी मिळून टोपली भरली. त्या बोलत होत्या, मी हो-हो म्हणत होते. दोनदा तोंड उघडलं. एकदा भासऱ्यांनी चहासाठी हाक मारली. दुसऱ्यांदा कोणीही हाक मारली नव्हती.

निंबोळ्या छतावर वाळत घातल्या आहेत. कुटून भिजवायला अजून महिना-दीड महिना आहे. पाच किलोचा नवा कागद मी लिहून ठेवला आहे, पण तो भिंतीवर लावायचा तर आधीचा का काढला हे सांगावं लागेल. या शनिवारच्या यादीत ते काम पहिल्या क्रमांकावर घेतलं आहे. मागच्या शनिवारीही पहिल्याच क्रमांकावर होतं. त्याच्यापुढं अजून खूण नाही.